यंत्राची समाधी

"आता कुणी खोकायचंसुद्धा नाही," स्पर्शगुरू म्हणाले, आणि दीडशे शिकली-सवरलेली माणसं आपापला खोकला गिळून बसली.

तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या म्हणून मंडळी खिडकीच्या कट्ट्यावर, मागच्या टेबलांवर, कागदाच्या खोक्यांवर जिथे जमेल तिथे टेकली होती. समोर एका टेबलावर वहीसारखं मिटणारं एक यंत्र उघडं ठेवलं होतं. त्याच्या पडद्यावर हिरवे आकडे चालले होते. गुरूंनी डोळे मिटले, उजवा हात यंत्राच्या कडेवर अलगद ठेवला आणि लाडाने विचारलं, "बाळा, जगात जायला तयार आहेस ना? असशील तर समाधी लाव."

पडदा विझला. काळा ठिक्कर! गुरूंनी हात उचलला, तसा तो पुन्हा उजळला.

मग डावा हात. "काही खोट राहिली असेल तर समाधी लाव." पडदा जसाच्या तसा चालू. म्हणजे खोट नाही! काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! पुढच्या रांगेतल्या एकाचे तर डोळे भरून आले.

हे कुठलं आडगाव नव्हतं हो. ही कंपनी होती, आणि जमलेला प्रत्येक जण संगणकाला काय करायचं ते शिकवून पोट भरणारा. चार वर्षं खपून त्यांनी एक नवी ऑपरेटिंग सिस्टीम बनवली होती. रुग्णालयात रुग्णाच्या उशाशी जी यंत्रं असतात, नाडी मोजणारी, रक्तातला प्राणवायू मोजणारी, काही बिघडलं की कोकलून परिचारिकेला बोलावणारी, ती यंत्रं या सिस्टीमवर चालणार होती. नर्सबाईंना काखेत मारून नेता यावीत म्हणून ती वहीसारखी मिटणारी केली होती.

सिस्टीम बाहेर काढायची की नाही यावर तीन महिने वाद चालला होता. कंपनीचा नियमच तसा होता. अकरा विभागांचे अकरा प्रमुख, प्रत्येकाकडे एक हिरवं कार्ड, एक लाल. दर शुक्रवारी सभा. अकराच्या अकरा हिरवी वर आली तरच यंत्र बाहेर जाणार. एक जरी लाल असलं तरी थांबायचं. सुरुवातीला सात लाल होती. साहेबांनी आरडाओरडा केला, तारखा दाखवल्या, पाया पडायचे तेवढे राहिले होते. शेवटी त्यांनी कुठून तरी हे स्पर्शगुरू पैदा केले. अंगात बिनकॉलरचा पांढरा सदरा, पायांत पांढरे बूट, उजव्या हातात खड्याची अंगठी, तोंडात सतत विज्ञान. "वाळूपासून चिप बनते. वाळूला स्मृती असते. स्मृतीला लहर असते," असं काहीबाही बोलायचे आणि हात ठेवून यंत्राला समाधी लावून दाखवायचे. अर्थ कुणालाच कळत नव्हता, त्यामुळे विरोध कुणी करायचा? दोन बैठकांत सातातली सहा लाल कार्डं हिरवी झाली.

उरलं एक. ते खुसपटताईंचं.

खुसपटताई म्हणजे तपासणी विभागाच्या प्रमुख. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधणं हीच नोकरी, म्हणून ऑफिसने हे नाव ठेवलं. त्यांनाही ते मनातून आवडायचं. त्यांनी काढलेलं खुसपट साधं होतं. यंत्र एकदा मिटून परत उघडलं, की आकडे दिसतात, पण धोक्याची घंटा वाजत नाही. बंद करून नव्याने सुरू करेपर्यंत ते मुकं राहतं.

ही चूक ज्याची होती त्याला सगळे झाकणवाला म्हणत. चार वर्षांत त्याने एकच काम केलेलं. झाकण मिटलं की यंत्राने काय करायचं, आणि उघडलं की काय करायचं. ताईंनी चूक दाखवली तेव्हा तो हसला होता.

"ताई, रुग्णाच्या उशाशी असलेल्या यंत्राचं झाकण मिटतंय कोण? ते काय दुकान आहे, रात्र झाली म्हणून मिटायला?"

"कोणी ना कोणी मिटेलच रे."

"तुम्हाला ना, साखरेतही खडा सापडेल! माझे बाबा ॲडमिट आहेत, माहितीये ना? साहेबांनी चाचणीचं पहिलं यंत्र त्यांच्याच उशाशी लावलंय. बाबा म्हणाले, पोराने केलंय ना, मग मला कसली आलीय भीती."

असा झाकणवाला आज पहिल्या रांगेत बसला होता. डोळे भरून आले होते ते त्याचेच. लोहचुंबक जवळ आला की यंत्राला झाकण मिटल्यासारखं वाटतं, हे त्याच्याइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं. झाकणाच्या कडेत बोराएवढा चुंबक असतो, खालच्या कडेत तो ओळखणारा पुर्जा असतो, आणि त्या पुर्ज्याने काय करायचं ते या पठ्ठ्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. तरी हा गुरूंच्या हाताकडे बघून सद्गदित झाला होता. माणसाला एखादी गोष्ट दिसू नये असं वाटलं, की ती नाकासमोर असून दिसत नाही.

साहेब उठले. "ताई, आता तरी? सगळ्यांच्या वाटेत तुमचं एक कार्ड आडवं आलंय."

"देते की हिरवं," ताई म्हणाल्या. "पण गुरूंच्या चरणी थोडी सेवा मलाही करू द्या."

लोक खूश झाले. ताई वठणीवर आल्या! त्या रमतगमत पुढे गेल्या. घाई नव्हतीच. या क्षणाची त्यांनी फार वाट पाहिली होती आणि तो लवकर संपू नये असं त्यांना वाटत होतं. त्यांनी डोळे मिटले, कपाळाला बोट लावलं आणि थेट गुरूंच्या आवाजात सुरुवात केली, "वाळूला स्मृती असते. स्मृतीला लहर असते. आणि लहरीला, मंडळी, सर्दी होते!"

हशा पिकला. ताईंनी तो पुरता ओसरू दिला. मग तळहात यंत्राच्या कडेवर ठेवून विचारलं, "बाळा, हे गुरू भोंदू आहेत का? असतील तर समाधी लाव."

पडदा विझला.

सभागृह गार. ताईंनी हात उलटा करून दाखवला. बोटांच्या बेचक्यात फळ्यावर कागद लावायचा गोल लोहचुंबक होता. "सात रुपयांना एक. माझ्या विभागाच्या फळ्यावर असे बारा गुरू चिकटलेत."

"आणि आता तुमची अंगठी बघू," त्या गुरूंकडे वळल्या.

"ही गुरुपरंपरेची आहे. ती काढत नाहीत," गुरू म्हणाले.

"काढू नका ना. नुसता हात पुढे करा." त्यांनी टाचण्यांची डबी अंगठीजवळ धरली. टाचण्या टणाटण उडून खड्याखाली जाऊन बसल्या. गुरूंनी हात झटकला, पण त्या काही सुटेनात. लोक हसून लोटपोट झाले. मघाशी टाळ्या वाजवणारेच सगळ्यांत मोठ्याने हसत होते. मघाचा भक्तिभाव पुसून टाकायची एवढी घाई होती बिचाऱ्यांना!

"हे तुम्हाला कधी कळलं?" साहेबांनी दातओठ खात विचारलं.

"मंगळवारी. फळा पुसत होते, चुंबक यंत्रावर पडला आणि पडदा गेला. म्हटलं, एकेकाला कशाला सांगा? शुक्रवारी सगळे जमतील, तेव्हाच बार उडवू."

"झालं ना मग?"

"छे, खरी गंमत पुढेच आहे." त्यांनी यंत्र नव्याने सुरू केलं, त्याचा चिमटा गुरूंच्या बोटाला लावला आणि खसकन ओढून काढला. यंत्र असं कोकललं की पहिल्या रांगेने कानांवर हात ठेवले. "ही निरोगी घंटा. आता गुरूंचा आशीर्वाद."

गुरूंचं मनगट धरून त्यांनी ती टाचण्यांची अंगठी कडेला टेकवली आणि उचलली. पडदा विझला, पुन्हा उजळला. परत चिमटा लावला, परत ओढला. लाल आकडा उघडझाप करू लागला. आवाज काही नाही.

"हं, ऐका," ताई म्हणाल्या.

भिंतीवरच्या घड्याळात पूर्ण एक मिनिट त्यांनी सगळ्यांना तसं बसवून ठेवलं. मग एकेका शब्दावर थांबत बोलल्या, "झाकण मिटलं की घंटा बंद करायची, ही ओळ लिहिलेली आहे. उघडलं की घंटा परत चालू करायची, ही ओळ लिहिलेलीच नाही. तीन महिने मी घसा कोरडा करतेय. झाकण कोण मिटणार, असं मला विचारलं होतं ना? या महाराजांनी मिटलं! ज्या ज्या यंत्राला यांचा हात लागेल, ते ते मुकं होईल. काय झाकणवाले, बसली का खात्री?"

झाकणवाला उभा होता. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"ताई," तो म्हणाला, "सकाळी आठला मी यांना बाबांकडे नेलं होतं. आशीर्वाद द्यायला. यांनी हात ठेवला होता. त्या यंत्रावर."

ताईंच्या तोंडचं हसू तसंच राहिलं. ते आवरायला त्यांना जमेना.

त्याने वॉर्डात फोन लावला. शेजारच्याने स्पीकर चालू केला. नर्सबाईंचा आवाज सगळ्या सभागृहाने ऐकला. "अहो, काही काळजी करू नका. यंत्र सकाळपासून गप्प आहे, म्हणजे ठीकच आहेत ते."

"बघा ना जरा जाऊन! आत्ता! धावत जा!"

"बरं बाबा, जाते." चपलांचा आवाज लांब गेला. मग कुणीतरी ओरडलं, "डॉक्टर!" आणि पुष्कळ पावलं एकदम धावली. फोन तिकडे टेबलावर उघडाच राहिला होता. दीडशे माणसं खाटेची चाकं ऐकत होती, कुणीतरी मोठ्याने आकडे मोजत होतं ते ऐकत होती. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी ते मोजणं थांबलं.

गुरू मधल्या मध्ये निसटले होते. साहेब हलक्या आवाजात दोघातिघांना सांगत होते, "हे बाहेर जाता कामा नये." ते ऐकून एकानेही त्यांची कॉलर धरली नाही, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

दुपारी ताई रुग्णालयात गेल्या. वॉर्डाबाहेरच्या बाकावर झाकणवाला एकटाच होता. नर्सबाई येईल त्याला तेच तेच सांगत होत्या. प्राणवायूची नळी घसरली होती, आकडा लाल झाला होता, पण त्या पलीकडच्या खोलीत होत्या आणि कान घंटेकडे लावून होत्या. "गप्प होतं हो ते यंत्र," त्या म्हणत, आणि पुन्हा रडत.

डॉक्टरांनी सांगितलं की नळी अकराच्या पुढेमागे घसरली असावी. म्हणजे टाचण्या उडत होत्या, सभागृह हसत होतं, तेव्हा म्हातारा अजून श्वास घेत असणार.

"मला माफ कर," ताई म्हणाल्या.

"ती ओळ मी लिहिली नाही," तो म्हणाला. "तुम्ही सांगत होतात, मी तुम्हाला हसत होतो. त्या माणसाला बाबांपाशी मीच नेलं. हे सगळं माझं आहे, ते मी कुणावर ढकलत नाही." तो थांबला. "पण मंगळवारी तुम्हाला कळलं होतं. माझं टेबल तुमच्या टेबलापासून चार पावलांवर आहे, ताई. मंगळवारी येऊन तो चुंबक माझ्यापुढे आपटला असतात, तर मी त्याला इथे आणलं असतं का?"

"नसतं आणलंस."

"शुक्रवारपर्यंत का थांबलात?"

ताईंकडे उत्तर होतं. ते त्याला तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. त्या उभ्याच राहिल्या आणि त्यानेही त्यांना बसा म्हटलं नाही.

भोंदूची अंगठी उघडी पाडणं सोपं आहे, मंडळी. सात रुपयांचा चुंबक पुरतो. डोळ्यांदेखत काही अद्भुत घडलं तर आधी विचारा, हे कशाने झालं? हातात काय आहे, कडेला काय आहे, दुसऱ्या हाताने तेच होतं का? आपणच केलेल्या वस्तूपुढे मान झुकवायची वेळ आली तर आधी ती वस्तू उघडून बघा. आणि तुम्हाला खरं कळलंच, तर ते खिशात घालून गर्दी जमायची वाट बघत बसू नका. ज्याला त्याची गरज आहे तो चार पावलांवर बसलेला असतो. उठा आणि त्याच दिवशी जाऊन त्याला सांगा.