भिंत सोडलेल्या गाठी

प्रयोगशाळेत सगळे तिला लवंगी म्हणत. उंचीने बेताची, पण पेटली की कानठळ्या बसल्याच म्हणून समजा. त्या आठवड्यात तर ती सकाळी दारातून धुमसतच आत यायची, कारण सरांनी तिच्या पेशी कचऱ्यात टाकायचं ठरवलं होतं.

पेशी उंदरांच्या. शुक्राणू व्हायला निघालेल्या, पण अजून अर्ध्या वाटेवर असलेल्या. उंदराच्या गुणसूत्रांची एक खोड आहे. प्रत्येक गुणसूत्र म्हणजे एक दोरी धरा, आणि तिच्या एका टोकाला जाड गाठ. शुक्राणू घडत असताना या दोऱ्या आपली दोन्ही टोकं केंद्रकाच्या भिंतीला टेकवतात. त्यामुळे गाठीही भिंतीशीच, एकमेकींना चिकटून बसतात. साध्या उंदरांत हे असंच. पण लवंगी ज्यांच्यावर काम करत होती ते उंदीर वेगळ्या घराण्यातले. त्यांच्यात दोन-दोन गुणसूत्रं गाठीपाशीच एकमेकांना जोडली गेलेली. आता गाठीकडची टोकं एकत्र बांधली, तर गाठ येणार मधोमध. भिंत धरायला उरतात ती लांबची टोकं. मग गाठ भिंत सोडते, आत येते, आणि कोणी कुणाच्या शेजारी बसायचं हे सगळं गणितच बदलून जातं. लवंगीने हे पेशीमागून पेशी बघितलं होतं, डोळ्यांत तेल घालून.

आणि सरांचं सगळं नाव उभं होतं ते एका वाक्यावर. गाठ भिंत सोडत नाही. बोला आता!

"तुझा अंगठा जड पडला," सर त्यांच्या खोलीत तिला म्हणाले. टेबलावर लेखाचा कच्चा मसुदा होता आणि सहलेखिका म्हणून तिच्या सहीची जागा रिकामी होती. "दाबताना गाठी आत घरंगळल्या. त्या पेशी खराब आहेत. त्या वगळ आणि सही कर, शुक्रवारी लेख पाठवायचा आहे."

अंगठ्याचं काम खरंच नाजूक. पेशी काचेवर ठेवायच्या, वर पातळ काच, त्यावर टिपकागद, आणि अंगठ्याने दाबायचं. कमी दाबलं तर सगळं एकावर एक, काही कळत नाही. जास्त दाबलं की केंद्रकाची भिंत फाटते आणि आतला पसारा कुठेही जातो. लवंगीने ते शिकायला ढीगभर काचा वाया घालवल्या होत्या, आणि त्याबद्दल सरांची बोलणीही खाल्ली होती.

"सर, साध्या उंदरांच्या पेशीही मीच दाबल्या. त्यांच्या गाठी कशा नाही घरंगळल्या? अंगठा तर तोच आहे."

सरांनी चष्मा काढला. आवाज मऊ केला, आणि सरांचा मऊ आवाज ओरडण्यापेक्षा वाईट. "हे बघ, तुझं दुःख मी समजू शकतो. रजा घेताना कारण तूच सांगितलं होतंस. पण घरचं दुखणं प्रयोगात आणायचं नसतं. तू या पेशींकडे तटस्थपणे बघूच शकत नाहीस."

लवंगीला तीनदा दिवस राहिले होते आणि तिन्ही गर्भ गेले होते. मग तपासणी झाली, आणि कळलं की तिची स्वतःची दोन गुणसूत्रं तशीच जोडलेली आहेत. तिला त्याचा काही त्रास नाही, ती धडधाकट. फक्त पुढच्या जिवाला वाटणी करून देताना कधी कमी-जास्त होतं. हे तिने सरांना विश्वासाने सांगितलं होतं. ते असं तोंडावर फेकलं जाईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिला संताप आला, आणि लाजही वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी संताप आला.

"तुझी नेमणूकही याच महिन्यात वाढवून द्यायची आहे," सर म्हणाले. "विचार करून सांग."

म्हणजे सही केली तर नोकरी. नाही केली तर घरी.

घरी सासूबाई बाल्कनीतले वाळलेले कपडे काढत होत्या. बाई जन्मभर बसमध्ये कंडक्टर होती. निवृत्त झाली तरी आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असाच. लवंगीने सगळं सांगितलं, तशी त्यांनी हातातली चादर टोपलीत आपटली.

"हे असलं बोलला तो तुला? माझ्या गाडीत असता तर मधल्याच स्टॉपला उतरवला असता मेल्याला! आणि तू? तू मूग गिळून परत आलीस?"

"काय बोलणार, आई? थोडं खरंही आहे ना. त्या पेशी खऱ्या ठराव्यात असं मला वाटतंच की."

"वाटलं तर वाटलं. वाटायला काय पाप आहे का?"

"पाप नाही, पण विज्ञानात..." आणि ती चादरीचं एक टोक धरून तशीच उभी राहिली. तिला वाटतं त्या खऱ्या ठराव्यात. आणि सरांना? सरांना वाटतं, ठरू नयेत. इतकी वर्षं त्याच वाक्यावर हारतुरे घेतलेला माणूस तटस्थ कुठून आला?

"अगं, घडी घालतेस की पुतळा झालीस?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, उद्या माझी नोकरी जाईल बहुतेक."

"जाऊ दे. दुसरं टोक धर."

आता त्या प्रयोगशाळेत एक रीत होती, आणि गंमत म्हणजे ती सरांनीच घालून दिलेली. मोजणाऱ्याला कळू नये कुठली काच कुठल्या उंदराची, म्हणून काचेवरच्या नावावर काळी पट्टी चिकटवायची. सगळ्यांनी. फक्त सर सोडून. "माझ्या डोळ्याला पट्टी लागत नाही," असं ते हसत हसत म्हणायचे, आणि बाकीचेही हसायचे. दुसऱ्या दिवशी लवंगी सरळ उंदीरमामांकडे गेली. उंदरांची सगळी उस्तवार त्यांच्याकडे, म्हणून हे नाव. साध्या आणि जोडलेल्या, दोन्ही घराण्यांच्या काचा त्यांच्यापुढे ठेवून ती म्हणाली, "मामा, सगळ्यांना पट्ट्या लावा आणि पिसून टाका. मलाही सांगू नका कुठली कुठे."

मग ती सरांकडे गेली. दार उघडंच होतं, बाहेर सगळे काम करत होते, आणि तिने आवाज मुद्दाम कमी केला नाही.

"सर, मी तटस्थ नाही, मान्य. तुम्हीही नाही. म्हणून तुम्ही निवडा. कुठली पेशी नीट दाबली गेली, कुठली फाटली, तुम्ही म्हणाल ते अखेरचं. फक्त काचेवर पट्टी असेल, आणि तुम्ही लाल प्रकाशातच बघायचं."

पेशींना लावलेल्या रंगांमुळे लाल प्रकाशात दिसते फक्त केंद्रकाची भिंत. गाठी दिसतात निळ्यात. अंगठा जड पडला असेल तर भिंत फाटणारच, आणि ते लालात लपत नाही. सरांना हे तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. नाही म्हणायला जागा नव्हती, कारण दारात तोवर चार जण जमले होते. आणि सरांना चार जणांपुढे आपला डोळा दाखवायला आवडायचं, हेही लवंगीला चांगलं ठाऊक होतं.

अंधाऱ्या खोलीत सर सूक्ष्मदर्शकापाशी बसले. चित्र पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. "ही छान. ही पण छान. ही फाटली, काढ. ही बघा, याला म्हणतात दाबणं! भिंतीला सुरकुती नाही." सर रंगात आले. लवंगी मुकाट्याने प्रत्येक पेशीची जागा टिपत होती. न जाणो, आपलाच अंगठा खरंच जड पडला असला तर?

सगळ्या काचा झाल्या. तिने मामांना पट्ट्या काढायला सांगितल्या, आणि सरांनी उत्तम ठरवलेल्या पेशींवर निळा प्रकाश टाकत गेली.

साधा उंदीर, गाठी भिंतीशी. साधा उंदीर, गाठी भिंतीशी. जोडलेला उंदीर, आणि निळे गोळे आत, भिंतीपासून सुटे, ऐन मधोमध. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. ज्या पेशीवर सर म्हणाले होते याला म्हणतात दाबणं, तिच्यात तर गाठी सगळ्यांत खोल होत्या.



"लालात नीट दिसत नाही कधीकधी," सर म्हणाले. त्यांचा आवाज आता मुळीच मऊ नव्हता. "या पेशी खराब आहेत. वगळ त्या."

"कुठल्या? तुम्ही आत्ता उत्तम म्हणालात त्या?"

"वाद घालू नकोस. या घराण्यातले निम्मे नर धड बापही होत नाहीत. बिघडलेल्या उंदराच्या बिघडलेल्या पेशी. त्यातून काय सिद्ध करणार आहेस तू?"

त्या 'बिघडलेल्या'वर लवंगीचं मस्तक फिरलं. रडू येईल असं तिला क्षणभर वाटलं, पण आलं नाही.

"निम्मे होत नाहीत, पण निम्मे होतात की, सर. त्या पेशींत गाठ जागेवरून हलली, शेजारी बदलले, तरी त्या आपलं काम करायला बघताहेत. काही अडकतात, काही मरतात, ते मी लेखात लिहिलंय. पण त्या खराब नाहीत. त्या फक्त तुमचं ऐकत नाहीत."

"तुझी नेमणूक महिनाअखेर संपते," सर म्हणाले. सगळ्यांदेखत म्हणाले.

"संपू दे. पण काचा मी दाबल्यात, आणि माझ्या सहीशिवाय हा लेख या दारातून बाहेर जात नाही. पेशी वगळायच्या असतील तर सही मिळणार नाही. आज नाही, महिनाअखेरीला नाही, आणि तुम्ही कितीही मऊ आवाजात विचारलंत तरी नाही."

सर उठले. "दिवा लावा," एवढंच म्हणाले आणि जायला वळले.

"नका लावू," लवंगी म्हणाली. "अजून पेशी बघायच्या राहिल्यात."

दिव्याच्या बटणापाशी उंदीरमामा होते. त्यांनी सरांकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि हात खाली घेतला. जमलेल्यांतलं कुणी हललं नाही. तिने पुढची पेशी पडद्यावर आणली, निळी, गाठ मधोमध, आणि सर दारात थांबून बघत राहिले.