पंधरा वर्षांचा सेफेरिनो

फरदीननं सेफेरिनोच्या नावापुढचा 'पंधरा' खोडला, तिथे 'एकोणीस' लिहिलं आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. चष्मा स्वच्छच होता. तो पुन्हा डोळ्यांवर चढवून त्यानं 'एकोणीस'ही खोडलं. रकाना रिकामा राहिला.

"अजून त्या म्हाताऱ्यापाशीच का?" मागून सुमेधा मॅडमनी विचारलं.

"क्लबवाले ऐकत नाहीयेत, मॅम."

"क्लबवाले कधीच ऐकत नाहीत. प्रत्येकाला आपला खेळाडू आईच्या मांडीवरून उतरून थेट गोल मारायला आलेला हवा असतो. गुरुवारी फाइल क्लोज करायची आहे, चल, यल्ला."

दुबईतली त्यांची कंपनी जगभरच्या फुटबॉलची आकडेवारी ठेवायची. कोण किती सामने खेळलं, कुणी किती गोल केले, सर्वांत मोठा विजय कोणता, सर्वांत लाजिरवाणा पराभव कोणता. इंग्लंड-स्पेनचं काम मिळावं म्हणून माणसं टपून बसलेली. मध्य अमेरिका मात्र कुणालाच नको होती, म्हणून ती नव्यानं लागलेल्या फरदीनच्या गळ्यात पडली. तिकडे संध्याकाळी सामना असला की इकडे पहाट. झोपमोड करून कॉमेंटरी ऐकता ऐकता तो स्पॅनिश शिकला, आणि शिकता शिकता होंडुरासच्या किनाऱ्यावरच्या 'देपोर्तिव्हो लास पाल्मितास' या क्लबच्या प्रेमात पडला. हे प्रेम तसं तोट्याचंच होतं, कारण पाल्मितास बहुतेक वेळा हरायचे.

केळ्यांचे घड जहाजात चढवणाऱ्या हमालांनी काढलेला हा क्लब. मैदानाची एक बाजू समुद्राला लागून. जोरात मारलेला चेंडू पाण्यात गेला की होडीवाला तो आणून देईपर्यंत सामना थांबायचा, आणि पाल्मितास एका गोलनं पुढे असले की होडीवाल्याला चेंडू म्हणे सापडतच नसे. क्लबचे निम्मे कागद एका आगीत गेले होते. बाकीचा इतिहास फरदीननं जुन्या वर्तमानपत्रांतून, रेडिओच्या टेपांतून दाणा दाणा वेचून उभा केला होता. त्या गावात त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. तसा तो रत्नागिरीकडच्या आपल्या गावीही लहानपणी एकदोनदाच गेला असेल. पण पाल्मितासचे सगळे गोलकीपर त्याला क्रमानं पाठ होते, आणि घरी जेवताना तो त्यांच्याबद्दल इतकं बोलायचा की अम्मी कंटाळून आमटी वाढायला उठायची.

आता क्लबला पंचाहत्तर वर्षं होत होती. समारंभ ठरला होता आणि पहिल्या रांगेत मधोमध सेफेरिनो बसणार होता. सत्याहत्तर साली, वयाच्या पंधराव्या वर्षी त्यानं गोल केला, क्लबच्या इतिहासात त्याच्याइतक्या लहान वयात कुणी केला नाही, असं अख्खं गाव सांगायचं. तेव्हापासून सगळे त्याला 'पोर' म्हणत. गुडघे गेले, दात गेले, बायको गेली, तरी तो पोरच राहिला. फक्त त्याच्या ओळखपत्रावरची तारीख धरली, तर गोल मारला त्या दिवशी हे पोर चांगलं एकोणीस वर्षांचं होतं.

"ओळखपत्र चुकीचं आहे, बाळा," क्लबच्या सेक्रेटरी एर्नेस्तिना फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायच्या. सत्तरीच्या बाई, त्यांच्या बोलण्यामागे कोंबड्या ओरडत असायच्या. "आमच्याकडे बाप बाजाराच्या दिवशी जन्माची नोंद करायला जायचा, आणि क्लार्कच्या मनात येईल ते क्लार्क लिहायचा. नदीनं पूल नेला, त्या पुरात सेफेरिनो पाळण्यात होता. इथे कुणालाही विचार. तेवढं एकच तर आहे त्याच्याजवळ."

पूल बासष्ट साली वाहून गेला होता. फरदीननं तेव्हाच्या वर्तमानपत्रात स्वतः वाचलं होतं. त्या हिशेबानं पंधराच. पण कंपनीचा नियम साफ होता. गावच्या आठवणी म्हणजे पुरावा नव्हे. एर्नेस्तिनांना त्यानं हे सभ्य शब्दांत कळवलं होतं, आणि मग मनाला रुखरुख लागली म्हणून एक संधी दिली होती. सेफेरिनोंनी स्वतः पुराची हकिगत सांगावी.

ती आज सकाळी आली होती. म्हाताऱ्याचा आवाज खरखरीत, पण खुशीतला होता. पाणी कसं रात्रीत घरात शिरलं, आईनं पाळणा दोरानं वर आढ्याला कसा बांधला, शेजारचं पिवळं कुत्रं पोहत दारात येऊन कसं कुडकुडत उभं राहिलं, आणि आई कशी ओरडली, हात लावू नकोस, चावेल. फरदीननं हेडफोन सुमेधा मॅडमच्या कानाला लावला आणि वाक्यावाक्याला मराठी करून सांगितलं.

मॅडम हसल्या. "पाळण्यातल्या बाळाला कुत्र्याचा रंग आठवतो?"

"आणि 'हात लावू नकोस' हे आई कुणाला सांगत होती?"

"मग विचार की त्यांना. वकील व्हायला हवा होतास तू."

फरदीन सुखावला. मॅडम सहजी कौतुक करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यानं एर्नेस्तिनांना लिहिलं, सेफेरिनोंना एवढंच विचारा, पाणी घरात शिरलं तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात? तिकडे गाव झोपेत होतं. उत्तर आलं की रकाना भरायचा आणि फाइल बंद करायची.

संध्याकाळी ट्रॅफिकमधून रखडत तो दुबईजवळच्या अजमानला घरी पोहोचला, तेव्हा अब्बा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. पुढ्यात ताट नव्हतं, पासपोर्ट होता.

अब्बा, म्हणजे खैरुद्दीन, अजमानच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात स्टोअर सांभाळायचे. फरदीनच्या जन्माआधीपासून सांभाळत होते. येत्या जूनमध्ये त्यांना पासष्ट पूर्ण होणार, आणि पासष्टच्या पुढे व्हिसा रिन्यू करणार नाही, असं यार्डानं गेल्या आठवड्यात सांगून टाकलं होतं. तेव्हापासून घर मुकं झालं होतं. "तुम्ही दोघं माझ्या व्हिसावर या ना," असं फरदीन म्हणाला होता, तेव्हा अब्बांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता.

"बस," ते आज म्हणाले. "काम आहे. तुझ्या ऑफिसचंच आहे. पासपोर्टवर काय तारीख आहे?"

"एक जून एकसष्ट."

"खोटी आहे ती."

अम्मी, शहरबानू, माशाच्या कालवणाचं पातेलं घेऊन आली आणि ते हातात धरूनच उभी राहिली.

"आमच्या गावात अर्धी माणसं एक जूनलाच जन्मलीत," अब्बा सांगू लागले. "शाळेत नाव घालताना मास्तर तीच लिहायचे. आणि पोराला पुढे गल्फला पाठवायचं तर ते लवकर अठराचं व्हायला हवं, म्हणून वर्षंपण वाढवायची. माझ्याबरोबर आला तो लतीफ तीन वर्षांनी वाढवलेला. मजीदचा उस्मान, तोपण तीननं. तसाच मी. मी चौसष्ट सालचा आहे, फरदीन. माझी अजून तीन वर्षं बाकी आहेत."

"हे आजोबांनी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पायजे? सगळ्यांचीच वाढवलेली, मग माझी काय सोडली असतील?"

"अब्बा, पण यार्ड पासपोर्टच बघणार ना. दॅट्स द रूल."

"म्हणून तर तुला सांगतोय. तुझी कंपनी दुनियाभरच्या माणसांची वयं तपासते. माझं तपास. लेटरहेडवर इंग्लिशमध्ये लिहून दे, की चेक केलं, हा माणूस चौसष्ट सालचा आहे. आमचा मुदीर नवीन आलाय, शिकलेला मॅनेजर आहे. कागद बघून ऐकेल तो. इन्शाल्ला ऐकेल."

असा कागद घेऊन अब्बा मुदीरपुढे उभे राहिले तर काय होईल, ते फरदीनला दिसत होतं. मुदीर तो वाचून दाखवायला आणखी दोघांना बोलावेल. पण अब्बांनी आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. औषधाची बाटली आणायलाही ते स्वतः खाली जात. आणि आता ते त्याच्या तोंडाकडे असे बघत होते की फरदीनला त्यांची नजर सोसेना.

"पुरावा लागतो, अब्बा," तो म्हणाला. होंडुरासला हेच वाक्य आपण किती ऐटीत लिहिलं होतं, ते त्याला आठवलं.

"आहे की. कोयनेचा भूकंप. सदुसष्टचा. गूगल करून बघ. त्या पहाटे मी आईच्या काखेत होतो. मला काखेला मारून ती घराबाहेर पळाली. सहा वर्षांचं घोडं कुणी काखेत घेतं काय?"

फरदीननं लॅपटॉप उघडला. लिहायचं काही नव्हतं. अब्बांना आपलं म्हणणं मनावर घेतलंय असं वाटावं, एवढ्यासाठीच उघडला. "सांगा," तो म्हणाला. "जसं आठवतं तसं सगळं सांगा."

अब्बा खुर्चीत सरसावून बसले. थंडीचे दिवस होते, ते म्हणाले. आधी भांडी वाजली. फळीवरची तांब्याची भांडी एकामागून एक खाली आली, आणि शेवटचा हंडा घरंगळत पार ओसरीपर्यंत गेला. मग कौलं. मग गोठ्यातून म्हशीचं ओरडणं. आईला तशातही कंदील विझवायची शुद्ध राहिली. सगळं गाव मशिदीपुढच्या मोकळ्या जागेत जमलं. मौलवीसाहेब उघड्या डोक्यानं आले होते. त्यांचं टक्कल गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि एवढ्या भीतीतही पोरांना हसू आवरेना. हे सांगताना अब्बा स्वतःच हसले. आठवडाभरात ते पहिल्यांदा हसत होते. शहरबानूनं पातेलं खाली ठेवलं आणि तीही खुर्ची ओढून ऐकत बसली.

फरदीनची बोटं मात्र कीबोर्डवर थांबली होती. त्याचा कान आता बापाची गोष्ट ऐकणाऱ्या मुलाचा राहिला नव्हता. त्याला गप्प बसता आलं असतं. छान सांगितलंत, पण कंपनी मानायची नाही, असं म्हणून लॅपटॉप मिटता आला असता, आणि अब्बा आपल्यावर अन्याय झाला असं मानून तरी घरी बसले असते. पण दिवसभर तोंडात घोळलेला प्रश्न सवयीनं बाहेर पडला.

"तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात?"

"मी? मी उंबऱ्यावर. आईनं हमजाला उचलला नि मला म्हणाली, तू पळ, पदर सोडू नको माझा, हमजाला मी..."

अब्बा बोलायचे थांबले.

हमजा त्यांचा धाकटा भाऊ. भूकंपानंतरच्या पावसाळ्यात तो तापानं गेला होता. घरात त्याचा फोटो नव्हता. फरदीननं ते नाव उभ्या आयुष्यात एकदाच, दादीच्या तोंडून ऐकलं होतं. अब्बा टेबलावरच्या पासपोर्टकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पूर्ण गेलं नव्हतं, ते तसंच राहून गेलं होतं, आणि ते बघवत नव्हतं.

"हमजा होता," ते म्हणाले. "काखेत हमजा होता."

शहरबानूनं पातेल्यावर झाकण ठेवलं.

"त्याचं शाळेत नाव घालायची वेळच आली नाही," ते म्हणाले. "नाहीतर त्यालाही एक जूनच मिळाली असती."

"अब्बा, तसंच काही नसतं. लहानपणचं माणसाला उलटसुलट आठवतं. मी लिहून देतो, मी उद्या मॅडमशी..."

"नको." त्यांनी पासपोर्ट मिटला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. "खलास. उगाच मुदीरपुढे तोंड वेंगाडायला नको. वाढ गं."

शहरबानूनं भात वाढला. तिनं नवऱ्याच्या ताटात कालवण घातलं आणि चमचा तिथेच ठेवून जराशी त्याच्या बाजूला सरकून बसली. अब्बांनी दोन घास खाल्ले. तिसरा कालवता कालवता त्यांनी मान वर केली.

"तुमच्या ऑफिसात असंच विचारतात?"

"कधी कधी."

"तुझा तो पाल्मितासवाला, त्याला सगळे पोर म्हणतात तो. त्याचं अजून ठरायचंय ना?"

"हो. गुरुवारपर्यंत."

"त्याला नको विचारू हे," अब्बा म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. "काय लिहायचं ते लिही तू. पण हे नको विचारू."

"नाही विचारत, अब्बा."

टेबलावर फोन थरथरला. एर्नेस्तिनांनी या वेळी बोलून पाठवलं नव्हतं, लिहून पाठवलं होतं. सेफेरिनोला तुझा प्रश्न वाचून दाखवला, बाळा. तो सांगायला लागला आणि मध्येच गप्प झाला. आता म्हणतो, समारंभाला येणार नाही, माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. असं काय होतं रे त्या प्रश्नात?

फरदीननं फोन पालथा घातला.

"कुणाचा आहे?" अब्बांनी विचारलं.

"ऑफिसचा."

"मग उत्तर दे की," अब्बा म्हणाले. "वाट बघत असतील."