झाकलेलं माप

कांताने शिवलेल्या ब्लाउजमध्ये कुठलीही बाई सरळ दिसते, असं करी रोडच्या त्या चाळीत सगळ्या म्हणायच्या. एक खांदा उतरलेला असो, पाठीला पोक असो, एक बाजू भरलेली आणि दुसरी ओसरलेली असो. कांता गळ्यात टेप टाकून बाईभोवती एक फेरी मारायची आणि काय ते ओळखायची. बोलायची मात्र नाही. वहीत मापाच्या पुढे एक अक्षर लिहायची: झा. म्हणजे झाकायचं. मग अस्तरात कापसाची पातळ घडी जायची, टक्स थोडा इकडे सरकायचा, आणि आरशातली बाई खूश व्हायची.

छत्तीस वर्षं कांताला याच गोष्टीचा अभिमान होता.

*

*पिशवीत आठ ब्लाउज, सगळे पांढरे.*

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दीपिका ती पिशवी घेऊन आली. दीपिका म्हणजे मायाची मुलगी. माया दुसऱ्या मजल्यावर राहते, महापालिकेच्या शाळेत शिकवते आणि गेली तीस वर्षं कांताची मैत्रीण आहे. फेब्रुवारीत परळच्या हॉस्पिटलमध्ये तिचा डावा स्तन काढला. कांता एकदाच भेटायला गेली होती. दारातूनच मोसंबी देऊन परत आली.

"जयभीम मावशी. आईचे आहेत. डावीकडे आतून खिसा करायचा." दीपिकाने मोबाइलवर फोटो दाखवला. "हॉस्पिटलमधल्या ताईंनी सांगितलंय. हे यात ठेवायचं, स्तनाच्या जागी. सुती आहे, विणलेलं. आणि हुक पुढून हवेत. हात अजून मागे जात नाही तिचा."

"आणि बगलेत, मुंढा?"

"सैल. हात सुजू शकतो म्हणाल्या."

"चौदा एप्रिलला साडी नेसेल?"

"म्हणते तर नेसेन. त्याच आठवड्यात पुढची केमो आहे, बघू." दीपिका स्टुलावर टेकली आणि एकदम तिचा आवाज चढला. "मला तिचा राग येतो मावशी, खरंच सांगते. शिकलेली बाई. वर्गात पोरींना सगळं समजावून सांगते. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे? तर ही खाली मान घालून बसली. म्हणे लक्षात नाही आलं. शाळेत तपासणीचा कॅम्प आला, त्या नर्सच्या हाताला गाठ लागली, तेव्हा कळलं! स्वतःच्या अंगावरचं माणसाला कळत नाही? डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आल्या असत्या तर कदाचित सगळं काढावं लागलं नसतं."

कांताच्या ओठांवर उत्तर आलं होतं.

"चहा टाकू?" ती म्हणाली.

*

*वहीचं पान.*

माया. मार्च २०२३. छाती ३८. दोन्ही बाजू सारख्या.

माया. मार्च २०२४. छाती ३८. डावा टक्स अर्धा इंच आत. झा.

माया. ऑक्टोबर २०२४. छाती साडेसदतीस. डावीकडे कप. झा. झा.

*

पान बोलत नाही, पण कांताला दोन हजार चोवीसच्या मार्चमधली ती दुपार जशीच्या तशी ऐकू येते.

दार लोटलेलं होतं. माया आतल्या कपड्यावर उभी, हात वर केलेले. टेप छातीवरून फिरवताना कांताला दिसलं की डावीकडे, बाजूच्या अंगाला, कातडी आत ओढली गेली आहे. आपण टक्स घातल्यावर कापड जसं ओढलं जातं, अगदी तसं. नाण्याएवढा खळगा. गेल्या वर्षी नव्हता. कांताचे हात कधी विसरत नाहीत.

मायाने आरशात बघून विचारलं होतं, "कांते, डावीकडे जरा वेगळं वाटतंय का गं?"

हसत विचारलं होतं. पण हात वरचे खाली आले नव्हते.

आणि कांता म्हणाली होती, "पन्नाशी झाली बाई. कोणाचं वर राहिलंय? तू काळजी करू नकोस, मी झाकते."

त्या वर्षीचा ब्लाउज इतका सुरेख बसला की चैत्यभूमीवर तिघीचौघींनी मायाला शिंपी कोण म्हणून विचारलं. मायाने परत येऊन कांताला हे सांगितलं, आणि कांता दोन दिवस फुलून गेली होती.

*

पुढचे पंधरा दिवस मशीनवर बसून कांताने वाक्यं शिवली आणि उसवली.

"माया, मला तेव्हाच शंका आली होती." खोटं. शंका कसली? डोळ्यांनी दिसलं होतं.

"मी काय डॉक्टर आहे का?" हे तर कोणी विचारलंच नव्हतं.

"तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." हे अर्धं खरं. गिऱ्हाईक म्हणून तुझं मन सांभाळलं, हे उरलेलं अर्धं.

"माया, तुझी चूक नव्हती, हे दीपिकाला सांग." या वाक्यापाशी सुई दर वेळी थांबायची. कारण हे सांगायचं तर कोणाची होती हेही सांगावं लागणार.

आठपैकी सात ब्लाउजांना खिसे झाले. आठवा कोरा होता, फिटिंगसाठी ठेवलेला.

*

*फिटिंग.*

माया स्वतः खाली आली. कठडा धरत, मधल्या वळणावर थांबत. केमोने केस गेलेल्या डोक्याला निळा स्कार्फ.

"बघ, भन्ते झालेय," ती म्हणाली. "आता फक्त भगवं चीवर शिव."

कांता हसली नाही. तिने दार लावलं, कडी घातली. मायाने गाऊनची बटणं सोडली, आणि जिथे छत्तीस वर्षांच्या सवयीने कांताची टेप वळसा घ्यायची तिथे सपाट होतं. आडवा व्रण. बगलेपर्यंत गेलेला.

"बघून घे सरळ," माया म्हणाली. "दीपी बघत नाही. पट्टी बदलताना भिंतीकडे बघते. आणि मग दिवसभर बोलते, तुला कळलं कसं नाही, तुला कळलं कसं नाही. काय सांगू तिला? चुकलंच माझं."

कांताच्या हातातली टेप खाली पडली. तिने उचलली नाही. वही घेतली, पान उघडलं आणि मायाच्या हातात दिली.

माया शिक्षिका. सगळं पान शांतपणे वाचलं. "झा म्हणजे?"

"झाकायचं."

"म्हणजे तुला दिसलं होतं."

"कातडी आत ओढलेली दिसली होती. मार्चमध्ये. तू विचारलंस आणि मी वयावर ढकललं. ऑक्टोबरमध्ये आणखी ओढलेली होती. मी आतून कप लावला आणि तुला सांगितलंसुद्धा नाही." कांताने दुसऱ्या झा-वर बोट ठेवलं. "दीपिका तुला बोलते ना, ते माझं आहे. मला बोलू दे तिला."

खाली गल्लीत कोणीतरी मंडप बांधायला बांबू उतरवत होतं. माया गाऊनची बटणं लावत राहिली, एका हाताने, सावकाश, आणि कांताला पुढे होऊन मदत करायची हिंमत झाली नाही.

"मला दिसलं नव्हतं असं वाटतं तुला?" माया शेवटी म्हणाली. "अंघोळ करताना रोज हाताला लागायचं. म्हणून तर तुला विचारलं. डॉक्टरला विचारलं असतं तर तो काहीतरी म्हणाला असता. तू 'काही नाही' म्हणणार, हे मला ठाऊक होतं. तेच ऐकायला आले होते."

कांताला क्षणभर हलकं वाटलं. त्या हलकेपणाची तिला लगेच लाज वाटली.

"हुरळू नकोस," माया म्हणाली. "माझं मी बघेन. पण तू 'हो' किंवा 'डॉक्टरकडे जा' एवढं म्हणाली असतीस तरी मी गेले असते. दहा महिने, कांते. मला तुझा भयंकर राग आलाय. आज अंगात जोर नाही. केमो संपू दे, मग येऊन भांडते."

"ये."

माया दाराकडे निघाली. आणि थांबली. वही अजून तिच्याच हातात होती. तिने मागची पानं उलटली, पुढची उलटली.

"आणखी कोणाचं झाकलंयस?"

"अगं, कोणाला जन्मापासूनच एक बाजू लहान असते…"

"ते वेगळं. हॉस्पिटलमधल्या ताई काय सांगतात, लहानमोठं असणं वेगळं आणि बदलणं वेगळं. आधी नव्हतं आणि मग झालं, असं कोण आहे? तुझ्याकडे सालं लिहिलेली आहेत."

दोघी पलंगावर बसल्या, मध्ये वही. माया वाचायची, कांता आठवायची. झा, उजवा खांदा, सोड. झा, पोक, सोड. झा, लग्नाच्या आधीपासून, सोड. पन्नास पानांनंतर दोन नावं उरली. एक सीमा, जी आता लालबागला राहते. दुसरी तिसऱ्या मजल्यावरची शांताकाकू. गेल्या दिवाळीपासून उजवीकडे घडी.

"तिचा ब्लाउज तयार आहे ना?" मायाने खुंटीकडे बघून विचारलं.

"आहे."

"तो नेऊ नकोस. नुसती जा."

*

कांता दोन जिने चढली. हातात काही नव्हतं; तिला आठवत नव्हतं, रिकाम्या हाताने आपण कोणाच्या दारात कधी उभ्या राहिलो होतो.

शांताकाकूंनी दार उघडलं. हाताला खोबऱ्याचा कीस लागलेला. "काय गो कांता? ब्लाउज झालो?"

"झालाय, पण…" कांता म्हणाली, आणि नेहमीचं गोड वाक्य जिभेवर आपोआप येऊन बसलं. कापड जरा कमी पडलं, उद्या देते. इतकं सोपं होतं ते.

खालच्या वळणावर, कठडा धरून, माया उभी होती. वर बघत नव्हती. नुसती उभी होती.

"काकू, आत येऊ? दार लावून घ्या," कांता म्हणाली. "दिवाळीत माप घेताना मला तुमच्या अंगावर एक गोष्ट दिसली होती. तेव्हाच सांगायला हवी होती. मी सांगितली नाही."