मोठा वाय

माझी धाकटी जाऊ आमच्याच ऑफिसात लागली, तीही माझ्याच शिफारशीवर. आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, हे मला कोणी शिकवायला नको. सहा महिन्यांत साहेब ऊठसूट "तिला विचारा" म्हणायला लागले. घरी सासूबाईंचंही तेच पालुपद. जानेवारीत गटप्रमुख नेमायचा होता. अकरा वर्षं मी तिथे खुर्ची झिजवली होती आणि ती जागा मला हवी होती.

आमचं काम एका रुग्णालयासाठी. तिथल्या नोंदी घ्यायच्या, त्यातल्या तारखा ठरलेल्या साच्यात बसवायच्या आणि आठवडाभर आधी रुग्णांच्या फोनवर निरोप धाडायचा, अमुक दिवशी या म्हणून. ऑक्टोबरात तिने नवा साचा लिहिला. साहेबांनी चारचौघांत वाखाणला. मी जळफळतच तो उघडला. दिवस बरोबर, महिना बरोबर, आणि वर्षाच्या जागी चार मोठे, म्हणजे इंग्रजी कॅपिटल, वाय.

लहान वाय लिहिला की कॅलेंडरचं वर्ष येतं. मोठा लिहिला की ती तारीख ज्या आठवड्यात पडते, तो आठवडा ज्या वर्षात धरतात, ते येतं. एरवी दोन्ही सारखेच. फक्त डिसेंबर संपता संपता, शेवटचा आठवडा नव्या वर्षात धरला गेला की, मोठा वाय पुढच्या वर्षात उडी मारतो.

मी तोंडात मिठाची गुळणी धरली. रोज डब्यातली भाजी तिच्याशी वाटून खाल्ली आणि मनात दिवस मोजले.

तेवीस डिसेंबरला निरोप गेले. तीस तारखेला टाके काढायला यायचं होतं, अशा एकसष्ट जणांना पुढच्या वर्षीची तीस डिसेंबर मिळाली. सकाळभर फोन खणखणत होते.

"वर्षभर टाके घेऊन फिरू का मी?" एक आजोबा मला विचारत होते.

साहेबांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुठून आलं?"

"माझी चूक, सर. तपासायला हवं होतं."

बास, एवढंच. जेवणाच्या सुट्टीत ती नेहमीसारखी माझ्या शेजारी बसली.

"ताई, तुम्हाला म्हणून सांगते. ती ओळ मी तुमच्या जुन्या, पडून असलेल्या फाइलीतून उचलली होती. तुम्ही लिहिलेलं, म्हणून तपासलंच नाही. साहेबांना बोलले नाही. जानेवारी तोंडावर आलाय ना तुमचा."

मी डब्याचं झाकण लावायला घेतलं. तिने पाण्याची बाटली पुढे केली. मला लाज वाटली, नाही असं नाही. पण त्याहून जास्त हेवा वाटला. इतकं सरळ वागणं हिला जमतं कसं?

जागा मला मिळाली. पहिल्याच दिवशी दार लोटून मी माझी ती जुनी फाइल उघडली आणि चारही वाय लहान केले. बदलाचं कारण लिहिल्याशिवाय फाइल जतन होत नाही.

मग लिहिलं, "किरकोळ दुरुस्ती."