टाच नसलेली पावलं

सकाळी सारवलेल्या ओल्या अंगणात उपालीची पावलं उमटली होती. पाचही बोटं, चवडा, आणि मागं काहीच नाही. टाच उमटलीच नव्हती. विशाखा वाकून पाहत राहिली. चार वर्षांचं पोर चवड्यांवर चालायला लागलं तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता.

दोन सालं धान बुडालं होतं. बांधीत उभ्या धानात फेकून पेरलेली लाखोळीची डाळ तेवढी हाती लागली. त्या डाळीनं पाय जातात, हे चंद्रपूरच्या कॉलेजात असताना तिनं वाचलं होतं, आणि गावातला लटारू रोज डोळ्यांसमोर दोन काठ्यांवर चाले. म्हणून पोराच्या ताटात तिनं लाखोळीचा दाणा पडू दिला नव्हता. आरमोरीच्या बाजारातली तूर त्याला एकट्याला. नवरा, हरिदास, कोळशाच्या खाणीवर गेला तेव्हापासून घरात लाखोळी खाणारी ती एकटीच होती.

घरात आणखी एक गोष्ट घडत होती. दुपारी ती खाटेवर टेकली की खाटेखालच्या पितळी ताटल्या आपोआप किणकिणायच्या. उठून पाहावं तर गप्प.

"तुह्या घरात कोनीतरी आहे बाई," शेजारची शकुबाई म्हणाली होती. विशाखा हसली होती. पण तिथं पोराला एकटं सोडणं मात्र तिनं बंद केलं.

नागपूरचे डॉक्टर नसा तपासायचं मशीन घेऊन शाळेत आले, तशी ती उपालीला उचलून तिथं गेली. बाहेर जनरेटर धडधडत होता. आत लटारूच्या पोटरीत सुई होती, आणि त्यानं पाय आवळला की मशीनच्या भोंग्यातून खरखर उठे.

"माह्या पोटरीत रेडिओ लावला का साहेब? मंग गानं तरी लावा!"

डॉक्टर हसले नाहीत. "पायातली नस चांगली आहे. बिघाड वर आहे. मेंदूतून पाठीच्या कण्यात हुकूम उतरतो, ती वाट खराब झालीय. वरून लगाम सुटला की पाय आपल्या मर्जीनं आखडतो, थडथडतो."

उपालीची पाळी आली. विशाखा बाकावर टेकली. बाक जरा उंच होता, तिचे चवडेच जमिनीला पोचत होते. शेजारी बाकावरच ठेवलेला चहाचा कप बशीत किणकिणत होता. जनरेटरनं, तिच्या मनात आलं. डॉक्टरांनी पोराच्या गुडघ्यावर हातोडी मारली, तळवा वर दाबून पाहिला, पायाला तारा चिकटवल्या.

"अगदी ठीक आहे मुलगा."

तिनं सुटकेचा श्वास सोडला. "मग चवड्यांवर का चालतो?"

"लहान मुलं नक्कल करतात. घरात कोणी असं चालतं?"

"घरात नाही. हे लटारूभाऊच दिसतात त्याला रोज."

"मले काऊन ओढता बाई?" लटारू म्हणाला. "माह्यी नक्कल केली असती तं पोट्ट्यानं काठी धरली असती. पाय कैचीवानी टाकले असते." तो पुढं काही बोलणार होता. पण तिच्याकडं पाहून थांबला.

"उपाली, कोणावाणी चालतोस रे?" डॉक्टरांनी विचारलं.

पोर टेबलावरून उतरलं आणि दोन्ही हात किंचित पसरून, जड जड, चवड्यांवर चालत आईकडं आलं. "आईवानी."

"काहीतरीच," विशाखा म्हणाली.

तेवढ्यात बाहेर कोणीतरी जनरेटर बंद केला. भोंगा गप्प झाला. खोलीत एकदम शांत झालं.

कप किणकिणतच राहिला.

डॉक्टर कपाकडं पाहत नव्हते. त्यांची नजर बाकाखाली होती. विशाखानंही खाली पाहिलं. तिचा उजवा पाय चवड्यावर टेकलेला होता, आणि टाच आपोआप वर-खाली, वर-खाली थडथडत होती. ती हलवत नव्हती. तिनं दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला, टाच जमिनीला टेकली. कप थांबला.

"घरीबी असंच वाजते," उपाली कौतुकानं म्हणाला. "आई बसली का वाजते."

तिनं गुडघ्यावरचे हात काढले. कप पुन्हा किणकिणू लागला.