कांदा परतणारी आई

झुल्माला सिनेमाचं भारी वेड. साल्तो गावातल्या थिएटरात लागलेला एकही सिनेमा ती सोडायची नाही. दर रविवारी भावाकडे जेवायला आली, की राविओली वाढून होईपर्यंत तिची मतं सुरू झालेली असायची. घरी पाहिलेल्या भुताच्या सिनेमात म्हणे भुतापेक्षा नायकच भयाण होता. अंतराळातल्या सिनेमात तिला झोप लागली, आणि जाग आली तरी यान आपलं तिथंच. भाऊ वॉल्तेर हसायचा. त्याची बायको एल्बिया ऐकत ऐकत वाढत राहायची.

त्या रविवारी झुल्माने थिएटरात पाहिलेला नवा सिनेमा काढला. एका बाईचा तरुण मुलगा मोटारसायकलवरून जाताना ट्रकखाली सापडतो, त्याची गोष्ट.

ही गोष्ट कुणाची, ते टेबलावर नवरा-बायकोलाच ठाऊक होतं. मागे राजधानीतून, माँतेविदेओहून, नोएलिया नावाची एक दिग्दर्शिका आली होती. कितीतरी दुपारी ती एल्बियाच्या स्वयंपाकघरात ‘माते’ हा तिकडचा कडवट चहा पीत बसली आणि त्यांच्या गेलेल्या मुलाबद्दल, फाब्रिसिओबद्दल विचारत राहिली. तो गेल्यापासून इतकं कुणी विचारलंच नव्हतं. नावं-गाव सगळं बदलायचं या बोलीवर एल्बियाने सगळं सांगून टाकलं. तयार झालेला सिनेमा नोएलियाने पाठवला, तोही तिने वॉल्तेर कामावर गेल्यावर एकटीने पाहिला. तू पाहणार का, असं तिने त्याला विचारलं होतं. तो नको म्हणाला होता.

"पोरगा गोड आहे," झुल्मा सांगत होती, "पण ती आई! पोलीस दारात येऊन सांगतो, मुलगा गेला. आणि ही बया दार लावून घेते आणि परत कांदा परतायला लागते. आमच्या रांगेत लोक हसले. कुठली आई असं करेल? दगडच की."

एल्बियाने नवऱ्याकडे पाहिलं. तो पावाने ताटली पुसत होता.

"सिनेमावाले काय, काहीही दाखवतात," तो म्हणाला.

एल्बियाने पळी खाली ठेवली.

"मी केलं तसं. मला वाटलं, गॅस बंद केला तर ते खरं होईल. संध्याकाळी तुम्ही सगळे आलात तेव्हा तोच रस्सा होता, झुल्मा. तू दोनदा वाढून घेतलास. मीठ कमी आहे म्हणालीस."

झुल्मा रडली, तिच्या गळ्यात पडली. ती गेल्यावर वॉल्तेर एवढंच म्हणाला, की रविवार नासवायची काही गरज नव्हती.

झुल्माच्या पोटात काही राहत नाही. आठवड्याभरात गल्लीला कळलं आणि थिएटर पुन्हा भरलं. मग एल्बिया जाईल तिथे लोक तिला थांबवून मतं सांगू लागले. बेकरीवाली म्हणाली, नट बुटका वाटतो, तुमचा मुलगा चांगला उंच होता. शेजारीण म्हणाली, अंत्ययात्रा फार छान घेतली आहे, पण तुम्हाला जरा जाडच दाखवलंय. कुणी वाईट बोललं नाही. एल्बिया मान हलवायची आणि पिशवी घेऊन घरी यायची.

नोएलियाचा फोन आला तेव्हा ती आनंदात होती. सिनेमाला कुठेतरी बक्षीस मिळालं होतं. तिने विचारलं, तुम्हाला कसा वाटला, अगदी खरं सांगा.

"बरा आहे," एल्बिया म्हणाली. "थोडा लांबलाय."