पुन्हा सुरू करायची सोय

पेसमेकर बसवावा तर उल्हासनगरच्या डॉक्टर महेशनीच, असं लोक म्हणत. हात हलका, बोलणं गोड. पण पेसमेकर बसवणं वेगळं आणि हृदयात रुतलेली त्याची जुनी तार काढणं वेगळं, असं कोणी म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे.

त्या दिवशी बुवापाड्याच्या विठाताई आपल्या नणंदेला, गोदूबाईंना, घेऊन आल्या. पेसमेकरच्या जागी पू झालेला. तारा काढायलाच हव्या होत्या. मागच्या वर्षी विठाताईंचे यजमान दौलतराव याच दुखण्यात, महेशच्याच टेबलावर गेले होते. तरी त्या धीर देत होत्या, "वन्सं, भिऊ नका. साहेबांनी ह्यांच्यासाठी जिवाचं रान केलं. ह्यांचं काळीजच कमजोर निघालं, त्याला कोण काय करनार?"

काळीज कमजोर होतं, हे महेशनीच सांगितलेलं. काही बिनसलं की हेच सांगायचं, अशी रीतच पडली आहे!

रुग्णालयात नुकतंच सरावाचं यंत्र आलं होतं. हातात तार, पडद्यावर हृदय आणि खोटा रुग्ण. "हा व्हिडिओ गेम शिकाऊ पोरांना द्या," महेश हसले.

ज्येष्ठ भूलतज्ज्ञ नूतन मॅडम हसल्या नाहीत. "उद्या गोदूबाई टेबलावर आहेत. आज एकदा करून दाखव."

महेशनी तार धरली आणि शिरेला चिकटलेला भाग नीट सुटण्याआधीच ओढली, नेहमीसारखी. पडद्यावरची मोठी शीर फाटली. रक्तदाब घसरला, ठोक्यांची रेघ आडवी झाली.

"पुन्हा सुरू करा," ते घाईने म्हणाले. दुसऱ्यांदाही तोच हिसका, तीच रेघ. असाच घसरणारा रक्तदाब त्यांनी पूर्वी पाहिला होता. दौलतरावांचा!

"मॅडम, त्यांचं हृदय..."

"धड होतं. त्या दिवशी, शीर फाटलीच तर छाती उघडायला, सर्जनही तू तयार ठेवला नव्हतास. मी गप्प बसले, ते पाप माझंही," नूतन मॅडम म्हणाल्या. "गरिबाच्या अंगावर हात बसवायची ही खोड आपण कधी सोडणार, महेश? इथे पुन्हा सुरू करायची सोय आहे. गोदूबाईंना आहे का?"

महेश बाहेर विठाताईंकडे आले.

"विठाताई, दौलतरावांचं काळीज कमजोर नव्हतं. माझा हात कच्चा होता. गोदूबाईंच्या तारा मुंबईचे जाणकार डॉक्टर काढतील. मी सोबत येतो. नीट शिकेपर्यंत मी कोणाच्या तारांना हात लावणार नाही."

विठाताई बाकावरून उठल्या. मग म्हणाल्या, "वरीसभर मी माझ्या धन्याच्या काळजाला बोल लावत व्हते, साहेब." आणि गोदूबाईंची पिशवी उचलून चालू लागल्या.

गोदूबाई बऱ्या होऊन घरी आल्या. विठाताई पुन्हा रुग्णालयाची पायरी चढल्या नाहीत. महेश रोज ओपीडी आटोपली की यंत्रापुढे बसतात. पडद्यावरचे रुग्ण मरतात आणि पुन्हा उठतात; दौलतराव उठत नाहीत.

मित्रहो, शिकायची लाज एकाला वाटते आणि कुंकू दुसरीचं पुसलं जातं. जिथे चुकलं तरी चालतं, तिथे आधी मनसोक्त चुकून घ्या. आणि एवढं करूनही हातून चूक झालीच, तर ती निदान मेलेल्या माणसाच्या माथी मारू नका!